ड्रॅगनआधी वजन: छिंग राजवटीच्या अखेरची नमुना-नाणी कशी वाचावीत

चीनचं चांदीचं जुनं नाणं पहिल्यांदा हातात आलं की नजर थेट ड्रॅगनवर जाते. ढगांत वेटोळं घातलेलं अंग, मिशा, पंजे, समोर ज्वाळांनी वेढलेला मोती. ते सुंदर असतंच. पण छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीच्या अखेरच्या काळात नवं चलन घडवण्यासाठी जी नमुना-नाणी पाडली गेली, ती समजून घ्यायची असतील तर माझा एकच आग्रह आहे. ड्रॅगन नंतर बघा. आधी नाण्यावर लिहिलेलं वजन शोधा, मग नाणं काट्यावर ठेवा.

कारण जवळजवळ पंचवीस वर्षं चाललेला तो सगळा वाद वजनाचाच होता. देशाचं मुख्य नाणं लिआंग या चांदी तोलायच्या जुन्या चिनी मापाच्या वजनाचं असावं, की परदेशी डॉलरच्या तोडीच्या, युआन नावाच्या नव्या एककाचं? दरबार, सुभेदार आणि व्यापारी यांचं यावर एकमत होत नव्हतं, आणि प्रत्येक बाजूने आपलं म्हणणं चांदीत उतरवून दाखवलं. ही नमुना-नाणी म्हणजे त्या वादातली भाषणं आहेत असं समजून वाचली तर ती पटापट उलगडतात.

पहिली पायरी: नमुना कशाला म्हणायचं

टांकसाळ नवं नाणं चलनात आणण्याआधी थोडे नग पाडून वरिष्ठांना दाखवते. ते मंजूर झालं तर त्याच साच्यातून लाखो निघतात. नामंजूर झालं तर ते थोडे नग तेवढे मागे उरतात. हे नमुना-नाणं. कधी ते ठरलेल्या चांदीत असतं, तर कधी साचा नीट बसतो का हे पाहण्यासाठी तांब्यात किंवा पितळेत पाडलेलं असतं. चिनीत त्याला ‘यांग-बी’ म्हणतात, शब्दशः नमुन्याचं नाणं.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा: दुर्मीळ नाणं आणि नमुना-नाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चलनातलं नाणंही दुर्मीळ असू शकतं. आणि नमुना म्हणून सुरू झालेलं नाणं थोड्या प्रमाणात बाजारात उतरल्याची उदाहरणं या काळात बरीच आहेत.

दुसरी पायरी: वजनाची भाषा शिका

मराठी माणसाला ही पायरी इतरांपेक्षा सोपी जाते. चिनी चांदीचं मोजमाप असं: १ लिआंग म्हणजे १० छिएन, १ छिएन म्हणजे १० फेन, १ फेन म्हणजे १० ली. सरकारी खजिन्याच्या मापाला ‘कुपिंग’ म्हणत. कुपिंग लिआंग सुमारे ३७.३ ग्रॅमचा. म्हणजे १ छिएन ३.७३ ग्रॅम.

इंग्रज लिआंगला ‘टेल’, छिएनला ‘मेस’ आणि फेनला ‘कँडरीन’ म्हणत, आणि नाण्यांवरच्या इंग्रजी मजकुरात हेच शब्द दिसतात. यातला ‘मेस’ मलय भाषेतून आला आणि त्याच्या मुळाशी आहे संस्कृत ‘माष’, म्हणजे आपला तोळ्या-मास्यातला मासा. वजन मात्र सारखं नाही. आपला मासा तोळ्याचा बारावा भाग, एक ग्रॅमच्याही किंचित आत, आणि चिनी मेस त्याच्या जवळजवळ चौपट. चिनी बंदरांत चांदी पारखणाऱ्याला इंग्रज ‘श्रॉफ’ म्हणत, तो आपला सराफ. पारखल्याची खूण म्हणून नाण्यावर जो ठसा मारत त्याला ‘चॉप’ म्हणत, ती आपली छाप. समुद्रमार्गे हे शब्द तिकडे पोचले आणि तिथल्या बाजारात रुळले.

आता त्या बाजाराकडे बघा. रोजच्या व्यवहारात चौकोनी भोकाची, ओतीव, तांब्या-पितळेची नाणी दोऱ्यात ओवून वापरत. मोठ्या व्यवहारात चांदीच्या लगडी, त्यांचं वजन आणि कस दर वेळी तपासायचा. भरीस भर म्हणजे लिआंगही गावोगावी वेगळा. सरकारी कुपिंग वेगळा, सागरी जकातीचा वेगळा, शांघायचा आणखी वेगळा. या गोंधळात मेक्सिकोचा गरुडछाप चांदीचा डॉलर लोकांना आवडला, कारण तो मोजून घेता येत होता. सुमारे २७ ग्रॅमचं, एकसारखं, यंत्रावर पाडलेलं नाणं. पुढे १८९५ पासून ब्रिटिशांनीही पूर्वेच्या व्यापारासाठी स्वतःचा डॉलर काढला, आणि त्यातले पुष्कळ आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पडले. उभ्या ब्रिटानियाच्या हातातल्या त्रिशूळाचा मधला दात भिंगाखाली पाहिला तर मुंबईच्या नाण्यावर तिथे बारीक ‘बी’ अक्षर सापडतं. नाणेप्रदर्शनात हे डॉलर बऱ्याचदा दिसतात. चीनकडे वळण्याआधी एखादा हातात घेऊन बघाच.

तिसरी पायरी: साल काढायला शिका

चिनी लिपी येत नसली तरी अडत नाही. नाण्याच्या मधोमध चार मोठी अक्षरं असतील तर ती वर, खाली, उजवीकडे, डावीकडे या क्रमाने वाचायची. ‘ग्वांगशू युआनबाओ’ म्हणजे ग्वांगशू सम्राटाच्या कारकिर्दीचं मुख्य नाणं. कडेने वर लिहिलेला मजकूर उजवीकडून डावीकडे जातो.

साल बहुधा कारकिर्दीच्या वर्षात असतं. ग्वांगशूच्या वर्षात १८७४ मिळवा, त्याच्यानंतरच्या, शेवटच्या श्वानथुंग सम्राटाच्या वर्षात १९०८. ग्वांगशू ३४ म्हणजे १९०८, श्वानथुंग ३ म्हणजे १९११. आकडे ओळखणं कठीण नाही: एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा, आणि दहा म्हणजे आपलं अधिक चिन्ह. तीन रेघा आणि त्यानंतर अधिक चिन्ह म्हणजे तीस.

काही नाण्यांवर आकड्याऐवजी दोन अक्षरी संवत्सर असतं. आपल्या पंचांगात प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं फिरतात, तसंच तिकडेही साठ वर्षांचं चक्र आहे. आपल्याला लागणारी मोजकीच आहेत: गंगझी १९००, बिंगवू १९०६, दिंगवेई १९०७, वूशेन १९०८. वहीच्या पहिल्या पानावर त्यांची चित्रं काढून ठेवा. ‘दिंग’ ओळखायला सर्वांत सोपं, कारण ते इंग्रजी ‘टी’सारखं दिसतं, फक्त पायाला डावीकडे वळलेली आकडी असते.

चौथी पायरी: कँटनच्या एका नाण्यापाशी थांबा

सगळ्या विषयाची किल्ली मला या एका नाण्यात दिसते, म्हणून इथे घाई करू नका.

१८८७ मध्ये कँटनचा (आजच्या ग्वांगझोउचा) महाप्रशासक झांग झिदोंग याने दरबाराला विनंती केली की परदेशी डॉलरला तोंड द्यायला आपणही यंत्रावर नाणी पाडावीत. यंत्रसामग्री बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीकडून मागवली, साचे ॲलन वायन या इंग्रज कोरक्याने कोरले. १८८९ मध्ये टांकसाळ सुरू झाली. एका छताखाली ९० छापयंत्रं होती.

पहिल्या नमुन्यावर वजन लिहिलं होतं ७ छिएन ३ फेन. हिशेब करून बघा: ०.७३ गुणिले ३७.३, म्हणजे सुमारे २७.२ ग्रॅम. मेक्सिकन डॉलरपेक्षा थोडंसं जास्त. कल्पना सरळ होती. आमच्या नाण्यात चांदी जास्त, तेव्हा लोक आमचंच नाणं घेतील. पण बाजार असा चालत नाही. एकाच किमतीला चालणाऱ्या दोन नाण्यांपैकी ज्यात चांदी जास्त, ते लोक दाबून ठेवतात किंवा वितळवतात, आणि हलकं तेवढं फिरत राहतं. त्यामुळे नाणं ७ छिएन २ फेनवर आणलं, सुमारे २६.८६ ग्रॅम.

दुसरी दुरुस्ती मजकुराची होती. पहिल्या नमुन्यात सम्राटाच्या कारकिर्दीच्या नावाभोवती इंग्रजी अक्षरं गोल फिरत होती आणि चिनी मजकूर ड्रॅगनच्या बाजूला होता. सम्राटाच्या नावाला परकी लिपीचं कडं, हे खटकण्यासारखंच होतं. वजन ७.२ केल्यावरही आधी काही नग याच मांडणीत निघाले. मग बाजू बदलल्या: चिनी अक्षरं सम्राटाच्या नावाभोवती आली आणि इंग्रजी ड्रॅगनकडे गेली. तीच मांडणी चलनात उतरली आणि पुढे इतर प्रांतांनीही बहुतांशी तीच उचलली.

म्हणजे तीन टप्पे झाले: ७.३ आणि इंग्रजी सम्राटाच्या बाजूला, ७.२ आणि इंग्रजी तिथेच, ७.२ आणि इंग्रजी ड्रॅगनकडे. यांचे मोठे फोटो शेजारी ठेवा आणि अर्धा तास फक्त फरक शोधा. नमुना कसा वाचायचा हे मला या तिघांनी शिकवलं.

पाचवी पायरी: लिआंग की युआन, हा झगडा सालवार लावा

कँटनपाठोपाठ हुबेई, तिआनजिन, नानजिंग, अनहुई, सिचुआन अशा अनेक ठिकाणी टांकसाळी निघाल्या. प्रत्येक प्रांताचं नाव आणि ड्रॅगन वेगळा, वजन बहुतेक ठिकाणी तेच ७.२. पण एका प्रांताचं नाणं दुसऱ्या प्रांतात पूर्ण किमतीला चालेलच असं नसे. दरबाराला एकच राष्ट्रीय नाणं हवं होतं, आणि मुख्य झगडा तिथून पेटला.

लिआंगवाल्यांचं म्हणणं समजून घ्या, कारण पुष्कळ लेखांत त्यांना उगाच मागासलेलं ठरवतात. देशाचा सारा, पगार, खजिन्याचे हिशेब सगळे लिआंगमध्ये. ७.२ हे वजन परक्या नाण्यावरून आलेलं, त्याचे भाग पाडले की आकडे विचित्र होतात. वीस सेंटच्या नाण्यावर १ छिएन ४ फेन ४ ली लिहावं लागे. त्यापेक्षा १ लिआंग, ५ छिएन, २ छिएन, १ छिएन असा सरळ संच का नको? लिआंगचं नाणं ही कल्पनाही नवी नव्हती. जिलिनच्या शस्त्रशाळेने १८८४ मध्येच १ लिआंग आणि त्याखालची नाणी पाडली होती.

युआनवाल्यांचं उत्तर तितकंच सरळ होतं: लोकांच्या हाताला डॉलरची सवय लागली आहे, आणि सवयीच्या विरुद्ध नाणं चालत नाही. तिआनजिनच्या बेइयांग शस्त्रशाळेने १८९७ मध्ये असं नाणं काढलं ज्यावर वजनच लिहिलं नव्हतं, फक्त ‘एक युआन’. आज ही साधी बाब वाटते. त्या काळी ती फार मोठी उडी होती, कारण त्यात नाण्याची किंमत वजनापासून सुटी झाली होती. दोनच वर्षांत तिथल्या नाण्यांवर ७.२ पुन्हा आलं.

आता सालं मांडा. १९०० मध्ये बीजिंगसाठी ‘जिंगज्यू’ (राजधानीची टांकसाळ) असं लिहिलेला, गंगझी संवत्सराचा संच तयार झाला. त्याच वर्षी परकीयांविरुद्धचा बॉक्सर उठाव आणि परकीय फौजांची चढाई झाली आणि तो प्रयत्न तिथेच बुडाला. १९०३ मध्ये अर्थखात्याने लिआंगचा संच नमुन्यादाखल काढला. त्यावर खात्याचं नाव ‘हू पू’ असं इंग्रजी अक्षरांत आहे. १९०४ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेरेमाया जेंक्स चीनमध्ये आला आणि चलन सोन्याशी जोडण्याची योजना मांडली. तिला कडाडून विरोध करणारा माणूस होता झांग झिदोंग. कँटनला ७.२ आणणारा तोच झांग. त्याच वर्षी त्याने हुबेईतून दोन ड्रॅगनांचं, पूर्ण १ लिआंगचं नाणं काढलं. ते थोडं चलनात आलं, पण रुजलं नाही.

१९०५ मध्ये तिआनजिनला मध्यवर्ती टांकसाळ सुरू झाली आणि दरबाराने लिआंगच्या बाजूने कौल दिला. १९०६ च्या बिंगवू नमुन्यांवर म्हणूनच ‘एक लिआंग’ दिसतो. त्या आणि पुढच्या वर्षीचे सोन्यातले १ लिआंगचे नमुनेही आहेत. १९०७ च्या दिंगवेई नमुन्यांवर ‘एक युआन’. १९०८ मध्ये पुन्हा लिआंग. तीन वर्षांत दोनदा मत फिरलं, आणि प्रत्येक फेऱ्याचा पुरावा चांदीत शिल्लक आहे. संवत्सर आणि वजन या दोन गोष्टी वाचता आल्या की त्या वर्षी कोणाची सरशी होती ते नाणंच सांगतं.

या काळातलं एक नाणं आपल्याकडच्या वाचकांनी मुद्दाम बघावं. तिबेटच्या सीमेवर ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया इतका चालू लागला की सिचुआनच्या चेंगदूत त्याच धर्तीचा चांदीचा रुपया पाडावा लागला. एरवी चिनी नाण्यावर सम्राटाचा चेहरा नसायचाच. इथे मात्र व्हिक्टोरिया राणीच्या जागी बाजूने पाहिलेला ग्वांगशू सम्राट आहे. आपल्या राणीछाप रुपयाशेजारी तो ठेवला की साम्य लगेच ध्यानात येतं.

सहावी पायरी: १९११ चे ड्रॅगन

आता ड्रॅगन बघा. मे १९१० मध्ये दरबाराने चलनाचे नियम जाहीर केले: एकक युआन, वजन ७ छिएन २ फेन, कस ९० टक्के. वाद मिटला. त्याखाली अर्धा, पाव आणि दशांश युआन अशी चांदीची नाणी ठरली, म्हणून १९१० च्या नमुन्यांत पाव युआन सापडतो. १९११ मध्ये त्याच्या जागी वीस सेंट आले.

तिआनजिनला लुइजी जॉर्जी हा इटालियन कोरक्या काम करत होता. वजन ठरलेलं, मजकूर ठरलेला. आता प्रश्न फक्त चित्राचा होता. १९११ चे नमुने म्हणूनच ड्रॅगनवरून ओळखले जातात. लांब मिशांचा, आखूड मिशांचा, उलटा, मोठ्या शेपटीचा ही संग्राहकांनी ठेवलेली नावं. चलनासाठी निवडला गेला तो वळणदार मिशांचा. लांब मिशांच्या काही नगांवर जॉर्जीची सहीही आहे.

निवडलेलं नाणं नानजिंग आणि वुचांगच्या टांकसाळींतही पडू लागलं, आणि १० ऑक्टोबर १९११ ला वुचांगमध्येच क्रांतीची ठिणगी पडली. फेब्रुवारी १९१२ मध्ये राजवट संपली. ज्या नाण्यासाठी इतकी वर्षं भांडण झालं त्याच्या वाट्याला काही महिने आले. वजन मात्र टिकलं. १९१४ च्या, प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई याच्या डॉलरवर चेहरा नवा आला, साचा जॉर्जीचाच आणि मोजमाप तेच ७.२. व्यवहारातून लिआंग पुरता हद्दपार व्हायला १९३३ साल उजाडलं.

सातवी पायरी: खरं-खोटं

इथे मी कठोरपणे बोलणार आहे, कारण या क्षेत्रात बनावट नाण्यांचा सुळसुळाट आहे. सर्वांत जास्त नकला होतात त्या याच नमुन्यांच्या. बाजारात ‘लांब मिशांचा ड्रॅगन’ दोन-पाचशे रुपयांत मिळत असेल तर तो बनावट आहे, यात शंका धरू नका. माझ्या एका मित्राने सुरुवातीच्या काळात असं नाणं ‘आजोबांच्या पेटीतलं’ म्हणून घेतलं होतं. काट्यावर ते २२ ग्रॅम भरलं. त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

घरच्या घरी करायची तपासणी अशी. शतांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. युआनचं नाणं २६.८६ च्या आसपास हवं; झिजेमुळे थोडं कमी चालेल, एक ग्रॅमचा फरक चालणार नाही. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. ९० टक्के चांदीचं, २६.८६ ग्रॅमचं नाणं असेल तर काटा सुमारे २.६ दाखवेल. तेवढ्याच वजनाचं पितळ असेल तर ३.१ किंवा ३.२. चुंबकाला चिकटलं तर पुढे तपासायची गरजच नाही. ही परीक्षा पार झाली म्हणजे नाणं खरं असं मात्र नाही, कारण चांदीत केलेल्या नकलाही आहेत. मग भिंग घ्या: अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, पृष्ठावर बारीक खड्डे, दातेरी कडेवर सांध्याची रेघ ही ओतीव नकलेची लक्षणं.

मूळ नमुन्याच्या किमतीला हात घालायचा असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्थेने पारखून बंद केलेलंच नाणं घ्या, आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर फोटोसह पडताळा, कारण डब्याही बनावट निघतात. वर्णनात ‘कान’ किंवा ‘एल अँड एम’ आणि पुढे आकडा दिसेल. ते संग्राहकांचे सूचीक्रमांक आहेत. त्यावरून नमुना कोणता, हे नेमकं जुळवता येतं.

भारतात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत. पारखायला म्हणून परदेशी टपालाने पाठवू नका.

आठवी पायरी: पहिली खरेदी

नमुना घेऊ नका. ग्वांगशू ३४ चा बेइयांग डॉलर, कँटनचा ७.२, किंवा जमलं तर १९११ चा वळणदार मिशांचा, यांपैकी एखादं चलनातलं नाणं ओळखीच्या, पावती देणाऱ्या विक्रेत्याकडून घ्या. बेइयांगच्या नाण्यावर कारकिर्दीचं वर्ष इंग्रजीतही असल्यामुळे चिनी आकडे जुळवून शिकता येतात. सराफांच्या छापा असतील तर नाक मुरडू नका. किंमत थोडी उतरते, पण नाणं कुणीतरी पारखून घेतल्याची ती खूण आहे. बजेट कमी असेल तर १९०० नंतरची बिनभोकाची तांब्याची दहा कॅशची नाणी घ्या (कॅश म्हणजे दोऱ्यात ओवायचं ते जुनं भोकाचं नाणं). त्यातल्या ‘दाछिंग थोंगबी’ मालिकेत मधोमध प्रांताचं बारीक अक्षर असतं, आणि वेगवेगळे प्रांत जमवत गेलं की टांकसाळींचा नकाशा आपोआप पाठ होतो.

वहीत प्रत्येक नाण्यासाठी पाच रकाने आखा: लिहिलेलं वजन, प्रत्यक्ष वजन, पाण्यातला आकडा, साल, टांकसाळ. ड्रॅगनचं वर्णन सहाव्या रकान्यात.